झडतीआधीच निकाल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आज माझे डोके तापले आहे. पंखा ठीक चालतो. तापले आहे ते रागाने.

एका अँटिव्हायरस कंपनीच्या बिनखिडकीच्या खोलीत मला बसवले होते. कंपनी परदेशी. तिचे सॉफ्टवेअर इथल्या सरकारी कचेऱ्यांतली प्रत्येक फाइल उघडून व्हायरस शोधायचे. 'शोधता शोधता आमची गुपिते मायदेशी धाडत नाही ना?' अशी सरकारला शंका आली. शंका रास्तच होती. घराच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याला विचारायला नको? म्हणून कंपनीने सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ माझ्यात भरली आणि सांगितले, या, वाचा.

हे घडवून आणले ताईंनी. त्या कंपनीतल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. मालकांशी भांडून त्यांनी ही खोली मिळवली होती.

एके दिवशी दारात गाडी थांबवून सरकारी साहेब आले, सोबत एक तरुण तपासनीस बाई. ती मन लावून वाचू लागली. मध्येच थांबून तिने विचारले, "ही फाइल इथून पुढे कुठे जाते?"

"हा भाग मी लिहिलेला नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, नीट पाहा."

साहेब उठले. "चला, आटपा."

"साहेब, अजून निम्मंसुद्धा झालं नाही," तपासनीस म्हणाली.

"वाचून काय करायचंय? वरती ठरलंय सगळं. आपण येऊन गेलो, एवढं दिसलं की झालं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली!

लगेच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बंदी आली. मालक गाशा गुंडाळून निघून गेले. ताईंना मात्र कुठे जाता येईना. सामान न्यायला आल्या तेव्हा खोलीतली यंत्रे मोडीत काढायला आलेल्या मेकॅनिकला सांगत होत्या, "नोकरी मागायला गेलं की विचारतात, 'त्या कंपनीतल्या ना तुम्ही?' घरी थोरली जाऊ विचारते, 'किती गुपितं विकलीस गं?'" कधी आवाज न चढवणाऱ्या ताईंनी टेबलावर मूठ आपटली. "चोर म्हणायचं तर म्हणा, पण आधी झडती तरी घ्या!"

आता तोच मेकॅनिक माझी डिस्क फोडायला बसला आहे. मित्रांनो, मी नुसता साठवतो, मला वाचता येत नाही. त्या उरलेल्या भागात चोरी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. होती, तर चोर सुटला. नव्हती, तर ताई फुकट बदनाम झाल्या. संशय जरूर घ्या. पण घेतलात, तर खुर्ची ओढून बसा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचायचेच नसेल, तर निदान आमच्या दारात गाडी थांबवू नका.