निलम्माचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, आणि माझ्या एका कोपऱ्याला तडा आहे. तो तडा बघून नाक मुरडू नका. त्या तड्यापायीच मी घराबाहेर पडलो, नाहीतर कुणाच्या तरी भिंतीवर पावडर-कुंकू बघत म्हातारा झालो असतो. तसा झालो असतो तर फार बरं झालं असतं, हेही आत्ताच सांगून टाकतो.

मला बिदरच्या बाजारातून खटकचिंचोळी गावच्या एका बापानं लेकीच्या लग्नासाठी घेतलं. लेकीचं नाव निलम्मा. सागवानी चौकट, चांगला हातभर रुंद, माझा थाट काही औरच होता. लग्नाआधीचे आठ-पंधरा दिवस ती येता-जाता माझ्यासमोर उभी राहायची. तिचा पुढचा एक दात जरा दुसऱ्यावर चढलेला होता. तो दिसू नये म्हणून ती ओठ मिटून हसायची, आणि मग ते हसू मावायचं नाही म्हणून खुदकन उघडायची. तेवढंच तिचं रूप माझ्यापाशी आहे. पुढं ते मी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं.

वरातीच्या टेम्पोत मला रुखवताबरोबर उभं केलं होतं. तिच्या सासरच्या गावाच्या, कमठाण्याच्या अलीकडं खड्डा आला आणि पितळी घागर गडगडत येऊन माझ्या कोपऱ्यावर आदळली. सासू भागम्मा माप ओलांडून घेण्याच्या गडबडीत होती, पण तिची नजर आधी माझ्यावर गेली. फुटका आरसा घरात ठेवायचा नाही, असं तिनं उंबऱ्यातच बजावलं. नव्या नवरीनं त्यात तोंड पाहिलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं, असंही वर म्हणाली.  निलम्मा बिचारीनं तिच्या लग्नातला हिरवा खण घेतला, डोळे दुसरीकडं वळवून मला त्यात गुंडाळलं, आणि मी मेंढरांच्या वाड्यात खुंटीला गेलो.

तिचा नवरा मायाप्पा मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला, पण त्याचा जीव बिदरच्या जुन्या इमारतींत. उदगीर, लातूर, हैदराबादहून माणसं दिवसाच्या सहलीला यायची, त्यांना तो सगळं फिरून दाखवायचा. त्याच्या डोक्यात आलं, की फुटका असला तरी आरसा ऊन फेकायला काही नाही म्हणत नाही. झालं, माझी नोकरी लागली.

काय दिवस होते ते! सकाळी किल्ला. मग झरणी नृसिंहाचं गुहेतलं देऊळ, तिथं छातीएवढ्या पाण्यातून अंधारात जायचं, म्हणून मी बाहेर चपलांशेजारी. तिसऱ्या प्रहरी अष्टूरचे घुमट, म्हणजे जुन्या सुलतानांच्या कबरी. त्यातल्या मोठ्या घुमटात आत गेलं की डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. मंडळी कुरकुरायला लागायची. मग मायाप्पा दाराशी उन्हात बसायचा, खण सोडायचा, मला गुडघ्याला टेकवून हळूच तिरका करायचा. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरसर चढत वर छतापर्यंत जायचा, आणि तिथं लाल, निळी, सोनेरी वेलबुट्टी एकदम जागी व्हायची. कुरकुरणारी माणसंसुद्धा मान वर करून बघतच राहायची. माझ्या तड्याची एक बारीक काळी रेघ त्या उजेडात पडायची. मायाप्पा हसून सांगायचा, "ती रेघ कारागिराची न्हाई बरं का, ती आमच्या घरची हाय." संध्याकाळी तो सगळ्यांना पठाराच्या कडेला न्यायचा. खाली मांजरा नदीकडचं रान, तांबड्या दगडाचे कडे, त्यावर उतरतं ऊन. मुलं मला मागून घ्यायची आणि खालच्या रानात कवडसे फेकायची. मीही तेव्हा थोडा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण घरी परतलो की वाड्यातली खुंटी. निलम्मा शेण काढायला यायची. खणाआडून मला तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. खण रोज तीच पुन्हा नीट बांधायची, डोळे मिटून. सासू वारली तरी तिनं तो नेम मोडला नाही. नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यात ती उगाच धाडस करणारी नव्हती. मात्र एक गोष्ट ती मायाप्पाकडं मागायची. आरशात नाही बघितलं तर नाही, पण आपल्या आरशानं जगाला काय दाखवतात ते एकदा तरी डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची हौस. रविवारी विचारायची, तर त्या दिवशी परगावची माणसं यायची असत. सोमवारी विचारायची, तर तिला स्वतःलाच खुरपायला जायचं असे. पुढं लेक तुळजा झाली, तिचं दुखणंखुपणं आलं. मायाप्पाचं उत्तर ठरलेलं.

"जाऊ की. कुठं पळून जायलाय का घुमट? पाचशे वर्सं हितंच हाय."

तो वाईट माणूस नव्हता हो. जवळचं काय कधीही बघता येतं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. लातूरची माणसं रजा काढून येत होती, आणि कमठाण्याच्या बाईला घुमट लांबून तेवढा ठाऊक.

मग सलग दोन वर्षं पावसानं ओढ दिली. मेंढरं विकली, रानात काम उरलं नाही. गावातली अर्धी माणसं बांधकामावर पुण्याला जायला लागली होती, तसं हे घरही निघालं. नव्या ठिकाणी फुटका आरसा न्यायचा नाही, म्हणून मला घुमटापाशी फुलं-उदबत्ती विकणाऱ्या चन्नव्वाकडं ठेवायचं ठरलं. मुकादमाचा टेम्पो माणसांनी भरून घुमटाजवळच्या सडकेवर उभा राहिला. मायाप्पा मला काखेत मारून उतरला, तर त्याच्यामागं निलम्माही उतरली.

"आज तरी दाखवा," ती म्हणाली. "दारापात्तर आलेच हाय."

मायाप्पानं वर बघितलं. सगळं आभाळ भरून आलेलं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आभाळ नेमकं त्या दिवशी भरलं होतं. ऊन नाही तिथं मी काय करणार? ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"आज ऊन न्हाई गं. दिवाळीला आलो की आधी हितं," मायाप्पा म्हणाला.

"व्हय, दिवाळीला," ती म्हणाली. तिनं माझ्या खणाची गाठ जरा घट्ट केली आणि ती गेली.

दिवाळी आली, गेली. किती आल्या आणि किती गेल्या. कधी ती मंडळी गावाला लग्नाकार्याला दोन दिवस येऊन जातात असं चन्नव्वाच्या बोलण्यातून कानावर यायचं, पण दोन दिवसांत घुमट कुठला बसतोय? इकडं लोकांच्या हातात मोबाइल आले, त्याचाच उजेड पाडून ते छत बघायचे. मला कुणी विचारेना. चन्नव्वाच्या टोपल्यामागं मी धूळ खात पडलो. उंदरांनी खणाची एक कड कुरतडली. मला त्याचं दुःख नव्हतं, मी दिवाळीची वाट बघत होतो.

आणि एके दिवशी लख्ख उन्हात कुणीतरी माझी गाठ सोडली. खण बाजूला झाला. समोर तोंड होतं आणि त्या तोंडात दातावर चढलेला दात. मित्रांनो, मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी मनात ओरडलो, आली गं बाई, निलम्मा आली! इतकी वर्षं झाली तरी जराही बदलली नाही. नेम मोडून माझ्यात बघायलीय!

"बघू नकोस, तुळजा," मागून मायाप्पाचा आवाज आला. "फुटका हाय ह्यो."

तुळजा? तेव्हा कुठं मला उमगलं. ही ती नव्हे, ही तिची लेक. माझी नजर तिच्या मागं गेली. मायाप्पा एकटाच उभा होता, पार वाकलेला. तिसरं कुणी नव्हतं.

तुळजानं मला खाली ठेवलं नाही. ती माझ्यातच बघत म्हणाली, "आईनं जन्मात कवा बघितलं न्हाई ह्यात, अप्पा. तरी गेलीच की."

मायाप्पा पायरीवर बसला. पुण्यात तिला कावीळ झाली होती, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं होतं म्हणे, आज ऊन आहे का? हे तो चन्नव्वाला सांगत होता आणि सांगता सांगता लहान पोरासारखा रडत होता. चन्नव्वानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बऱ्याच वेळानं तो उठला. मला दाराशी नेऊन गुडघ्याला टेकवलं. उजेड भिंतीवर अडखळत अडखळत चढला. छत उजळलं. लाल, निळं, सोनेरी, सगळं जिथल्या तिथं होतं. खरंच कुठं पळून गेलं नव्हतं. मायाप्पानं नेहमीचं बोलणं सुरू केलं, चपला बाहेर काढा, मान वर करा, ही वेल बघा. बोलत होता तुळजाशी, पण बघत होता तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं. काळ्या रेघेपाशी आला आणि थांबला. "ती रेघ..." एवढंच म्हणाला. 

जाताना तुळजानं मला बरोबर घेतलं. आता मी पुण्यात एका खोलीच्या भिंतीवर आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. काचेचं काय एवढं! पण तुमच्या घरात कुणी काही एकदा बघायचं मागत असेल, तर ते जवळ आहे म्हणून उद्यावर टाकू नका. घुमट थांबतात, माणसं थांबत नाहीत. आभाळ मोकळं असेल त्याच दिवशी त्यांचा हात धरून निघा.

इथं माझ्यापर्यंत ऊन पोचत नाही. रोज सकाळी तुळजा वेणी घालायला समोर येते, ओठ मिटून हसते, आणि रोज क्षणभर मला वाटतं, निलम्मा आली.