मामांचा झाडू

मामांनी भाता पुरता उघडला, बोटं पट्ट्यांवरून खालून वर सरसर गेली, भाता मिटताना तशीच परत आली, आणि दुकानात कसलाही आवाज झाला नाही.

हे झालं पडद्यावर. खरे मामा भाच्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. मांडीवर उघडा अकॉर्डियन, हातात मेणाची कढली, चष्मा कपाळावर.

"बघितलंस? मुका माणूस गाणं म्हणतोय, असं दिसतंय मी."

"सगळे व्हिडिओ असेच झालेत?" भाच्यानं विचारलं.

"चौतीसच्या चौतीस," मामेबहीण म्हणाली. मामा तिला ठकी म्हणत. ती वयानं तिशी ओलांडून गेली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. दुकानाची पत्रं, पार्सलं आणि कॅमेरा तिच्याकडं होता. सकाळी तिनंच फोन केला होता, आणि भाचा मिळालेल्या पहिल्या बसनं तीन तासांची वाट कापून आला होता. वाटेत त्याला वाटत होतं, कुठलंतरी बटण चुकून दाबलं गेलं असेल. तो आला की दोन मिनिटांत आवाज सुरू होईल, आणि मामा नेहमीसारखं म्हणतील, उस्ताद, तू नसतास तर.

मामा अकॉर्डियन दुरुस्त करत. लांबून लांबून वाद्यं पार्सलनं येत, तशीच परत जात. भाता उघडताना हवा एका रीडमधून, म्हणजे सूर काढणाऱ्या पातळ पत्तीवरून, जाते आणि मिटताना दुसऱ्या रीडमधून, म्हणून प्रत्येक पट्टी दोनदा ऐकावी लागते. एकेक दाबत बसलं तर अर्धा दिवस जातो. तेव्हा मामांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. एक धून बांधली. भाता उघडताना एक ओळ, मिटताना तिचंच उत्तर, पुन्हा दुसरी ओळ, पुन्हा उत्तर. अर्ध्या मिनिटात एक्केचाळीस पट्ट्या दोन्ही अंगांनी वाजून होत. एखादं रीड फाटलेलं असलं की धून तिथं अडखळे आणि मामांच्या कपाळाला आठी पडे. या धुनेला ते झाडू म्हणत. कोपराकोपरा झाडून काढतो म्हणून झाडू. दुरुस्ती संपली की कॅमेऱ्यासमोर झाडू वाजवायचा, व्हिडिओ गिऱ्हाइकाला दाखवायचा, मग वाद्य पेटीत घालायचं, अशी गेली काही वर्षं रीत पडली होती.

आता दोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, आवाज का काढून टाकला, काही लपवताय का. तिसऱ्यानं तर दुरुस्ती राहू द्या, वाद्य आहे तसं परत पाठवा, असं कळवलं होतं. ठकीनं ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा मामा मेण ढवळत राहिले.

"चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, लपवतो म्हणून," ते म्हणाले. एवढंच.

ठकीनं पडद्यावर दुसरं पान उघडलं. व्हिडिओ मुके करणाऱ्यांची सूचना होती. या संगीतावर दुसऱ्याचा हक्क आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. रचनेचं नाव, ‘कोवळं ऊन’. हक्कदारातर्फे, म्हणून खाली एका कंपनीचं नाव.

त्या कंपनीकडून भाच्याला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्र येत असे.

"कोवळं ऊन म्हणे," मामा हसले. "माझ्या झाडूला. बाळसं धरलंय लेकानं. कोण आहे रे हा? तू यातला जाणता. तुझ्या ओळखीत असेल कुणी."

भाच्यानं पडद्याकडं बघून मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तो स्वतंत्र संगीतकार होता. म्हणजे कुणाच्या पदरी नव्हता आणि कुणी त्याला बोलावतही नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्याला कळलं, की फोनच्या रिंगटोन देशोदेशी भाड्यानं देता येतात. एक कंपनी त्या घेते, पंचवीस-तीस देशांतल्या फोनवाल्यांकडं पोचवते आणि ज्याच्या त्याच्या नावावर हिस्सा जमा करते. त्यानं तेव्हापासून चाळीस धुना करून दिल्या. पहिल्या दोन सेकंदांत कान पकडला पाहिजे, सगळं अठ्ठावीस सेकंदांत आटोपलं पाहिजे, आणि खालचे सूर छोट्या फोनमधून ऐकूच येत नाहीत म्हणून ते गाळले पाहिजेत, हे सगळं तो हळूहळू शिकला. एकोणचाळीस धुना कुणी विचारल्या नाहीत. चाळिसाव्या वेळी डोक्यात काहीच नव्हतं, मुदत त्याच संध्याकाळची होती. त्यानं झाडू वाजवला. खालचे सूर गाळून, वर घंटीसारखा एक नाद चढवून.

अर्जात विचारलं होतं, ही रचना पूर्णपणे तुमचीच आहे का. ‘नाही’वर खूण केली तर मूळ रचनाकाराची सही जोडायची होती. सही तीन तासांवर होती. आणि झाडू ही काय रचना आहे, त्यानं मनाशी म्हटलं होतं. ती तर तपासणी. त्यानं ‘होय’वर खूण केली.

ती समुद्रापलीकडं चालली. लोकांना म्हणे तिच्यातलं प्रश्नोत्तर आवडे. त्याच्या घराचं भाडं त्या धुनेवर निघू लागलं. एका वर्तमानपत्रानं, घरबसल्या जगाला रिंगटोन विकणारा कलावंत, म्हणून त्याची मुलाखत छापली. धून कशी सुचली, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, एका सकाळी चालता चालता. ते कात्रण मामांनी दुकानाच्या काचेच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं, येणाऱ्याला दिसेल असं. धून मात्र त्यांनी कधी ऐकली नव्हती. सुरात कान गुंतलेला असताना फोन वाजलेला त्यांना खपत नसे. दुकानातले दोन्ही फोन कायमचे गप्प केलेले होते. एकदा त्यांनी विचारलं होतं, ऐकव की रे तुझं ते गाणं, आणि भाच्यानं नंतर ऐकवतो म्हणून विषय बदलला होता.

गेल्या महिन्यात कंपनीनं नवी सोय काढली. तुमची धून कुणी चोरून वापरत असेल तर आमचं यंत्र जगभर शोधून काढील. भाच्यानं तिच्यावरही खूण केली होती. चोरांचा सुळसुळाट झालाय, असं तो तेव्हा एका मित्राला म्हणालाही होता.

"इथं रेंज येत नाही," असं सांगून तो दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसला.

फोनवर खातं उघडलं. सर्वात वर हिरव्या अक्षरांत अभिनंदन होतं. तुमच्या बाजूनं चौतीस दावे मंजूर. त्यानं अंगठ्यानं ती ओळ वर ढकलली. दावा मागं घेण्यासाठी कारण निवडायचं होतं आणि कारणं दोनच होती. वापरणाऱ्याला मी परवानगी देत आहे. किंवा, ही रचना माझी नाही. दुसऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की रचना सर्व देशांतून काढली जाईल आणि खातं चौकशी संपेपर्यंत बंद राहील.

आत मामा कुठलंसं रीड तासत होते. कानशीचा बारीक, धीराचा आवाज पायरीपर्यंत येत होता.

त्यानं परवानगी दिली.

आत येऊन म्हणाला, "अर्ज केलाय. होईल थोड्या वेळात."

"बघ ठके, मी म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाले. "आपण आठ दिवस डोकं फोडत बसलो. उस्तादाचं काम पायरीवर बसून झालं."

मग त्यांनी त्याला जेवायचं विचारलं, त्याच्या आईची गुडघेदुखी विचारली, सध्या नवीन काय चाललंय ते विचारलं. तो उत्तरं देत गेला. मामांनी जोडलेल्या रीडवर मेण ओतलं आणि ते थिजेपर्यंत फुंकर घालत बसले. त्यांच्या कानामागं एक पेन्सिल होती आणि बाहीला मेणाचे वाळलेले थेंब. भाचा त्या थेंबांकडं बघून बोलत होता.

ठकीच्या संगणकावर निरोप आला.

"आलं," ती म्हणाली आणि मोठ्यानं वाचू लागली. "आपल्या चौतीस दृश्यफितींचा आवाज पूर्ववत करण्यात आला आहे. रचनेचे हक्कदार..."

ती थांबली. भाच्याला कळलं. परवानगी देणाऱ्याचं नाव जातं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पडद्यावरची नजर काढून त्याच्यावर ठेवली. त्याच नजरेनं ती लहानपणी त्याच्या खिशात बरणीतला खाऊ शोधायची. आता ती काही शोधत नव्हती.

"हक्कदार कोण?" मामांनी विचारलं. चष्मा अजून कपाळावरच होता.

"आहे कुणीतरी," ठकी म्हणाली. "बाहेरचा दिसतो. त्यानं आपल्याला परवानगी दिलीय."

"नुसतं विचारल्यावर?"

"हो."

मामा विचारात पडले. भाच्यानं खाली बघितलं. ठकी ओरडली असती तर त्याला बोलता आलं असतं. त्याच्यापाशी उत्तरं तयार होती, भाड्याचं, मुदतीचं, तपासणी आणि रचना यांतल्या फरकाचं. तिनं त्याला झाकलं, आणि त्या पांघरुणाखाली त्याला श्वास घेता येईना.

"असं बघ," मामा सावकाश म्हणाले. "दोन माणसांच्या बोटांतून एकच धून निघू शकते. पट्ट्या तर त्याच असतात. त्यालाही कुठंतरी सुचली असेल. आपण भांडायला निघालो होतो, आणि त्यानं आपली ओळखदेख नसताना वाजवा म्हटलं. भला माणूस आहे. आभार मानायला हवेत. लिही."

"राहू दे ना, बाबा."

"राहू दे कसं. लिही. की, आपण मोठं मन दाखवलंत. आमचा धंदा लहान आहे, पण अब्रूचा आहे. ती राखलीत. लिहिलंस?"

कळांचा आवाज होत राहिला. भाच्याच्या खिशात फोन थरथरला. ठकीनं तिकडं बघितलं नाही. मामांनी बघितलं.

"घे की. कुणाचातरी असेल."

"नंतर बघतो."

"आणि ठके, यापुढं प्रत्येक व्हिडिओखाली त्याचं नाव घालायचं. धून अमक्याची, त्यांच्या परवानगीनं. उगाच कुणाचं आपल्याकडं नको. काय नाव त्याचं?"

ठकी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. एकदा झाकलं होतं. पुन्हा झाकायचं तिच्याकडून होणार नव्हतं, एवढं त्या हातांवरून दिसत होतं.

भाच्यानं खुर्ची पुढं ओढली आणि संगणक आपल्याकडं वळवला. कंपनीचं पान उघडलं, आपल्या खात्यात शिरला. दोन कारणांतलं दुसरं निवडलं. बारीक अक्षरांतली सूचना लाल होऊन पुन्हा एकदा विचारती झाली. त्यानं पुन्हा होय म्हटलं. मग पडद्यावर एक लांब अर्ज आला. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं, मूळ रचनाकाराचं पूर्ण नाव.

त्याची बोटं थांबली. जन्मापासून हा माणूस त्याला मामा होता. पाकिटावर, फोनमध्ये, मनात, सगळीकडं मामा.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं कागदोपत्री नाव कसं लिहायचं?"

"माझं? आभाराच्या पत्राखाली घालतोस होय? घाल, घाल. निनावी आभार बरे नव्हेत." आणि मामांनी सांगितलं, आजोबांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून, हाताशी कागद धरून बसलेल्या कारकुनाला सांगावं तसं. "शेवटचं दीर्घ हां. बँकवालेसुद्धा चुकतात."

त्यानं शेवटचं दीर्घ लिहिलं.

ठकी उठून त्याच्या खांद्यामागं आली. तिनं रकाना वाचला, नाव वाचलं. मग मामांच्या मांडीवरचं वाद्य एका हातानं सावरत त्यांच्या हातातली मेणाची कढली काढून घेतली आणि बाजूला ठेवली. कशाला गं, तापलेली आहे ती, असं मामा म्हणाले. म्हणूनच, ती म्हणाली.

भाचा खाली खाली जात राहिला. रचनेचं वर्ष. कुठल्या वाद्यावर. कशासाठी. तिथं त्यानं लिहिलं, रीड तपासण्यासाठी. मामा आपले सांगत होते, की आभार थोडक्यात बरे, माणूस कामाचा असेल, त्याचा वेळ घेऊ नये.

शेवटचा रकाना मोठा होता. यापूर्वी ही रचना स्वतःची असल्याचं आपण का लिहून दिलं होतं? उत्तर आवश्यक. किमान शंभर अक्षरं.

त्यानं एक शब्द लिहिला आणि खोडला. दुसरा लिहिला. तोही खोडला.

"झालं का रे?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा," तो म्हणाला. "एक रकाना राहिलाय. तो तुम्हाला वाचून दाखवायचाय."

मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि स्टूल जवळ सरकवलं.