होकाराची मान

रायनाच्या गावात हो म्हणायचं तर मान आडवी हलवतात आणि नाही म्हणायचं तर उभी. बाकीच्या जगात याच्या उलट चालतं हे गावाने ऐकलं आहे, पण त्यात जगाचंच चुकतं अशी गावाची ठाम समजूत. रायनाचीही तीच होती, सून घरी येईपर्यंत.

सून जर्मन. स्वेन्या तिचं नाव. पहिल्यांदा आली तेव्हा रायनाने अंगणातला कोंबडा पंखांना धरून उचलला, सुरी दाखवली आणि खुणेनेच विचारलं, कापू का? स्वेन्याने डोळे विस्फारून जोरजोरात आडवी मान हलवली. इतका हौसेचा होकार रायनाने जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळी कोंबडा ताटात आला आणि सून रडत ताटावरून उठली. "खायचा नव्हता तर हो कशाला म्हणाली गं बाई?" रायना चार दिवस हेच विचारत होती. तिचा मुलगा ल्युबेन मात्र हसून हसून लोळायचाच बाकी होता. त्याला तेव्हा दोन्ही माना येत. सरहद्द ओलांडली की घड्याळाचा काटा फिरवावा तशी तो मानही फिरवून घेई.

गाव बल्गेरियाच्या वायव्य कोपऱ्यात, डॅन्यूबच्या काठावर आहे. नदी तीच, जी ल्युबेन नोकरीला असतो त्या जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गवरून वाहत येते. तिथे तिच्या काठाला कारखाने आणि दिव्यांची हॉटेलं. इथे पोपलरची झाडं आणि छपरं खचलेली घरं. शाळा बंद पडली तशा तिच्या वर्गांत कोणीतरी शेळ्या बांधल्या. डॉक्टर मंगळवारी येतो, तेही त्याची गाडी चालू झाली तर. उन्हाळ्यात वरच्या अंगाने पांढऱ्याशुभ्र बोटी येतात. डेकवर जर्मन म्हातारे हातात ग्लास घेऊन बसलेले असतात. ते हात हलवतात, काठावरचे म्हातारे हात हलवतात. बोट काही थांबत नाही. हाताच्या बाबतीत तरी युरोपच्या दोन्ही अर्ध्यांचं एकमत आहे म्हणायचं.

रायनाचा नवरा मागच्या पानगळीत गेला आणि टेकडीच्या उतारावरचा द्राक्षमळा तिच्या एकटीच्या गळ्यात पडला. शेजारचा गेन्चो त्यावर डोळा ठेवून होता. माणूस वाईट नव्हे, पण त्याला वेली नको होत्या, नुसती जमीन हवी होती. उपटून टाकायचं, सूर्यफूल लावायचं, एका दमात ट्रॅक्टर फिरवायचा.

"वहिनी, वेल म्हणजे तान्हं पोर असतं," तो म्हणायचा. "कोण करणार त्याचं? त्रिफोनच्या दिवशी काय ते सांगून टाका. सोमवारी ट्रॅक्टर घालतो."

रायनाचं उत्तर एकाच गोष्टीवर अडलं होतं. ल्युबेन परत येणार असेल तर वेली ठेवायच्या, नसेल तर देऊन टाकायच्या. हा प्रश्न तिने पोराला इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता. विचारला नाही तोवर नकारही मिळत नाही, असा तिचा हिशेब.

संत त्रिफोन हा द्राक्षवेलींचा राखणदार, त्याचा दिवस फेब्रुवारीच्या मध्यावर येतो. त्या दिवशी पुरुषांनी मळ्यात जाऊन पहिली छाटणी करायची आणि कापल्या जागी वाइन ओतायची. बाप नाही म्हणून ल्युबेन मुद्दाम रजा काढून आला. स्वेन्याला सुट्टी मिळाली नाही.

"तिकडे आज बायकोला फुलं देतात," तो म्हणाला.

"आणि तू इकडे वेलींना दारू पाजायला आलास," रायना म्हणाली. "कशी रे नांदते ती तुझ्याजवळ?"

पूर्वी या दिवशी बायका भाकऱ्या भाजून घरीच थांबत. आता गावात पुरुषच उरले नाहीत, त्यामुळे सगळ्याच मळ्यावर जातात. ल्युबेनने बापाची मेंढीच्या कातड्याची टोपी घातली, बापाची कात्री घेतली. तिकडे मोटारींच्या कारखान्यात रंग मारणारा पोरगा, छाटताना त्याचा हात अडखळत होता. वेलीचा एक चांगला डोळा, फुटायच्या बेतातला, त्याने उगाच उडवला. पण त्या टोपीत, गुडघ्यापर्यंत चिखलात, तो अगदी इथला दिसत होता. तिने त्याला भाकरीचा तुकडा दिला, त्याने तो अख्खा तोंडात कोंबला, आणि तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं.

"ल्युबेन, तू परत येशील का रे? कायमचा?"

तोंड भरलेलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. उभी. एकदा, सावकाश.

रायनाने दुसऱ्या वेलीकडे तोंड फिरवलं. रडण्यासारखं काही नाही असं तिने स्वतःला बजावलं. पोराने खोटं तरी सांगितलं नाही. उतारावरून गेन्चो ओरडला, "काय वहिनी, देताय ना मळा?" सगळं गाव बघत होतं. रायनाने मान आडवी हलवली.

"दिला!" गेन्चोने आरोळी ठोकली आणि सौदा वाइन ओतून पक्का करायला तो घडा आणायला पळाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ल्युबेन घास गिळून तिच्याजवळ आला. गेन्चोची आरोळी त्याने थट्टेवारी नेली होती, चेहरा नुसता फुलला होता.

"बरं झालं नाही म्हणालीस," तो म्हणाला. "त्याच्या घशात कशाला घालायचा? एक वर्ष कसंबसं काढ. स्वेन्याला मी पटवलंय. पुढच्या त्रिफोनला मी इथेच असेन."

रायना वेलीकडून त्याच्याकडे वळली.

"मघाशी तू मला काय म्हणालास?"

"हो म्हणालो की! दिसलं नाही तुला?"

दिसलं होतं तर. तिला सगळं नीट दिसलं होतं. आईच्या होकाराचा त्याने नकार वाचला होता, आणि मानेचा काटा कोणत्या बाजूला अडकून बसलाय हे त्याला कळलंही नव्हतं. तो येणार होता. आणि येणार होता तो बापाच्या टोपीतला नव्हता, तिकडचाच होता. मघाची ती मान इथली असती तर तिचा अर्थ येणार नाही असाच झाला असता. यात आनंद किती मानायचा आणि दुःख किती, हे ठरवायला रायनाला फुरसत नव्हती, कारण गेन्चो घडा घेऊन चढ चढत होता.

"थांब गेन्चो," ती म्हणाली. "ओतू नकोस. मी नाही म्हणाले."

गेन्चो जागच्या जागी थबकला. "नाही? वहिनी, साऱ्या गावादेखत मान आडवी हलवलीत!"

"हलवली."

"मग? आडवी म्हणजे हो!"

"तुमच्यात," रायना म्हणाली.

गेन्चोने टोपी मागे सारली आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साठ वर्षांची ओळख होती.

"आमच्यात?" तो म्हणाला. "आणि तुम्ही कुठल्या?"

"मी जर्मन मान हलवली," रायना म्हणाली. "आमच्या घरात आता तशीच हलवतात."

सगळा मळा खो खो हसत सुटला. ल्युबेनही हसला, मोठ्याने, विनोद कळल्यासारखा. गेन्चो तेवढा हसला नाही. तो पुढे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. हो की नाही? तोंडाने बोला."

"नाही," रायना म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, सवयीने उभी जाऊ पाहणारी मान घट्ट आवरून, तिने नाही म्हणताना ती आडवी हलवली.