मऊपासून सहा खटके

"पातेलं घट्ट धर," दंडपाणी म्हणाला, तोवर ईचनारीचा गतिरोधक आलाच.

गाडीचं नाक दाणकन आपटलं. मागची बाजू मात्र होडीसारखी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मागच्या सीटवर त्याच्या बायकोच्या, वसंतामणीच्या मांडीवरचं दहीभाताचं पातेलं निम्मं तिच्या रेशमी पदरात उतरलं.

"पुढे बैलगाडी, मागे नाव," ती पदर झटकत म्हणाली. "आणि यात माझ्या गरोदर पोरीला आणणार तुम्ही?"

प्रश्न तोच होता. आज पोल्लाचीला पूंगोडीच्या सातव्या महिन्याचा बांगड्यांचा सोहळा. तो झाला की लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, बापाने आणायचं, ही रीत. पण विहीणबाई नाचम्माळ यांनी आठवड्यापूर्वीच निरोप धाडला होता: सून तुमच्या त्या जात्यात बसणार नाही, आम्ही भाड्याची गाडी सांगतो. हा निरोप दंडपाणीच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

जातं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दंडपाणीचं पीळमेडूत वर्कशॉप. गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब बसवण्यात त्याचा जन्म गेला. त्याची पांढरी एस्टीम आठवडाभर भाजी आणायची आणि रविवारी चेट्टिपाळयमच्या ट्रॅकवर शर्यतीत धावायची. ट्रॅकसाठी तो तिला जमिनीलगत बसवी, शॉकॲब कडक करी. इतके कडक, की चाकाखाली नाणं आलं तर छापा की काटा ते कंबरेला कळे. एकदा म्हणे मुंगी चिरडली तर त्याने गाडी थांबवून हळहळ व्यक्त केली होती. सोमवारी तेच सगळं उलट करायचं असे. स्प्रिंगांच्या रिंगा फिरवून गाडी वर, शॉकॲबच्या गुंडीचे खटके मागे घेऊन चाल मऊ. पण पुढच्या रविवारी पुन्हा कोण बदलणार, म्हणून हल्ली तो सोमवार विसरू लागला होता.

आज मात्र पहाटेपासून तो गाडीखाली आडवा होता. रिंगा त्याने स्वतः चढवल्या, मागचे शॉकॲब जुळवले. तेवढ्यात वसंतामणीने मुहूर्ताची आठवण करून दिली. रेशमी वेष्टी नेसून तो बाहेर आला आणि कपडे मळू नयेत म्हणून पुढच्या चाकांचं काम मूळचा पालक्काडचा भागीदार अच्युतन याच्यावर टाकलं. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात त्याने प्रथमच लागू दिला.

रस्त्याकडेच्या नारळवाल्यापाशी थांबून त्याने फोन लावला.

"अच्युता, पुढे किती खटके ठेवलेस?"

"सहा. तूच म्हणालास सहा."

"कुठून सहा?"

"कुठून म्हणजे? कडकपासून मागे. सगळं जग तसंच मोजतं."

"जग पालक्काडला संपत नाही रे. मी मऊपासून मोजतो."

"वीस वर्षं शेजारी काम करतोयस, आज सांगतोयस होय?"

"तू कधी विचारलंस?"

फोन ठेवून त्याने बॉनेट उघडलं. वेष्टी गुडघ्यावर खोचली, पुढच्या गुंड्या शेवटपर्यंत सैल केल्या आणि एकेक खटका मोजत सहावर आणल्या. मागच्या नावेला मात्र चार खटके आवळले. मऊ म्हणजे सुखाची, हा समज खोटा. अति मऊ गाडीत धडधाकट माणसालाही ओकारी येते.

पोल्लाचीला पोचला तेव्हा वेष्टीवर ग्रीसचे पाच पंजे होते. दारात भाड्याची गाडी उभीच होती.

"या व्याही," नाचम्माळ म्हणाल्या. "सोहळ्याला आलात की दुरुस्तीला?"

"दोन्हीला. विहीणबाई, एक करा. तुम्हीच बसा मागे. कालव्यापर्यंत फेरी मारू. हातात कॉफीचा पेला घ्या, काठोकाठ. सांडली तर पोरगी भाड्याच्या गाडीतून येईल, मी मागून येईन."

सगळं घर अंगणात जमलं. हातभर बांगड्या घातलेली पूंगोडी खांबाला टेकून हसत होती. नाचम्माळ देवळात शिरावं तशा गाडीत शिरल्या, आणि गाडी त्यांच्या बाजूला सलामी दिल्यासारखी वाकली.

पहिल्या गतिरोधकाला दोन थेंब बशीत पडले.

"पुढचा तोरा अजून आहे," त्या म्हणाल्या.

दंडपाणी उतरला, पुढच्या गुंड्या एक खटका सैल केल्या. मागे जाऊन गाडी हाताने दाबली. ती वर आली आणि तिथेच थांबली. कालव्यावरून परतताना तीन गतिरोधक लागले. आरशात बघायची त्याची छाती होईना.

अंगणात थांबल्यावर त्याने विचारलं, "सांडली?"

"सांडायला उरली कुठे," नाचम्माळ पेला उपडा करून म्हणाल्या. "गार होत होती, प्यायले वाटेत."

मग भाड्याच्या गाडीवाल्याला म्हणाल्या, "बाबा, तू जेवून जा."

परतीच्या वाटेवर पूंगोडी किनत्तुकडवू गाव येण्याआधीच झोपली. उशीवर डोकं, हात पोटावर. शर्यतीत कुणाला पुढे जाऊ न देणाऱ्या माणसाला त्या दिवशी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनेही मागे टाकलं. दंडपाणीने ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

घरापाशी वसंतामणी अलगद उतरली आणि ओवाळायला हळद-चुन्याच्या लाल पाण्याचं ताट वात लावून घेऊन उंबऱ्यात आली. दंडपाणीने तिला बोटाने थांबवलं. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या जावयालाही खूण केली. त्याने कोपऱ्यावरच इंजिन बंद करून मोटारसायकल ढकलत आणली.

एस्टीमचं इंजिन मात्र दंडपाणीने चालूच ठेवलं. बंद होताना ते एक हिसका देतं, तो शॉकॲबच्या हातातला नसतो. उतरल्यावर दार लावलं तर आवाज होईल, म्हणून उघडं दार हातात धरून तो उन्हात तसाच उभा राहिला. ताटातली वात जळत होती, आणि आत पोरगी झोपली होती.