उजवीकडे दोन खुणा

मी युद्धनौकेवरची तोफ बोलतेय. जन्म मोठ्याने बोलण्यात गेला, आता गळा बसलाय, तेव्हा जरा जवळ या.

माझी पणजी लाकडी जहाजावर होती. तिला दारू आणि गोळा तोंडाकडून भरवावा लागे. एका बारामागे पाच-सहा माणसं घामाघूम व्हायची. शत्रूच्या मिशा दिसू लागेपर्यंत तिच्या नेमाचा काही भरवसा नसे. मी पोलादाची, मागून भरायची. नळीत पिळाच्या खाचा, त्यामुळे गोळा गरगरत पंधरा किलोमीटर जाई. पण बारागणिक नळी आतून झिजते. तशी माझी झिजली आणि गोळा डावीकडे झुकू लागला.

आमच्या मुख्य तोफचीला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी यावर तोड काढली: नेम धरून झाला की चाक उजवीकडे दोन खुणा जास्त फिरवायचं. सहा वर्षं हेच चाललं. कागदावर कुठे नव्हतं, हातात होतं.

मग गोदीत माझी आतली नळी बदलली. मास्तर स्वतः उभे राहून बघत होते. त्यानंतरच्या पहिल्याच सरावाला एक टगबोट दोरखंडाने लक्ष्याचा तराफा ओढत उजवीकडे चालली होती. तिचं सुकाणू मास्तरांच्या धाकट्या भावाकडे होतं. मास्तरांनी नेम धरला, आणि सवयीने हात उजवीकडे दोन खुणा फिरला. मला कळलं होतं, पण मला बार उडाल्याशिवाय बोलता येत नाही.

गोळा टगबोटीच्या अगदी मागे पडला. दोरखंड तुटला, माणसं थोडक्यात वाचली.

भाऊ नखशिखांत भिजून आमच्या डेकवर आला. "दादा, वाटणी हवी होती तर नुसतं सांगायचंस!"

सगळे हसले. मास्तर चाकावरच्या खुणा पुन्हा मोजत होते.

चौकशीचे साहेब माझ्यात डोकावून म्हणाले, "नवी नळीच सदोष दिसतेय. काढा भंगारात."

भाऊ कुजबुजला, "दादा, गप्प बस. चार महिन्यांनी निवृत्त होतोयस. लोखंडाला काय कळतंय?"

"नळी चांगली आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "हात जुन्या नळीचा होता. चूक माझी."

त्यांना माझ्यावरून काढलं. उरलेले चार महिने त्यांनी कोठारात गोळे पुसले. मी पुढे अकरा वर्षं चालले, पण तो हात पुन्हा लागला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आताची तोफ रडारवर बघते, आपली आपण भरते, मिनिटाला शंभर बार काढते. आत माणूस नसतो. तिला खोड लागत नाही, हे खरंच चांगलं आहे. पण तिच्यावर आळ आला तर कोण बोलेल, ठाऊक नाही.

मी आता नौदलाच्या शाळेच्या अंगणात असते. समोर पाटी आहे: वजन, लांबी, पल्ला, आणि 'अचूक नेमासाठी प्रसिद्ध'. ही शेवटची ओळ तेवढी खोडा. नेम माझा कधीच नव्हता, मी नुसता आवाज केला. तिथे मास्तरांबद्दल लिहा, त्यांच्या चुकीसकट.