परत जाण्याचा पुरावा

लवूमामांनी विमलाचा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, चष्मा कपाळावर चढवून विमलाला पाहिलं आणि पासपोर्ट मिटून टेबलावर ठेवला.

“ही बाई तुम्ही नाही,” ते म्हणाले.

विमलाने सांगितलं, की फोटो काढताना केस मागे घ्यायला लावले होते आणि तेव्हा आपण जरा बारीकही होतो. मामांनी मान हलवली. साहेबासमोर कारणं सांगायची नाहीत, नुसतं ‘येस सर’ म्हणायचं, असा निकाल देऊन त्यांनी तिला तिसऱ्यांदा नापास केलं.

मुंबईत चारकोपच्या त्यांच्या दोन खोल्यांत आठवडाभर रोज संध्याकाळी ही परीक्षा चालली होती. विमलाची मुलगी अक्षता सिंगापूरला नोकरी करत होती. तिने आईबाबांना दहा दिवसांसाठी बोलावलं होतं, आणि त्यातले दोन दिवस बोटीने बाताम बेटावर न्यायचं ठरवलं होतं. तासाभराचा प्रवास, पण बेट इंडोनेशियाचं. म्हणजे उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट, पुन्हा प्रश्न. काउंटरवर एकेकट्याला बोलावतात, असं अक्षताने बजावलं होतं. तिच्या ऑफिसातल्या एकीच्या सासूबाईंना परतीच्या बोटीचं तिकीट दाखवता आलं नाही, तर त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं होतं. येणाऱ्याने आपण जाणार असल्याचा पुरावा आधी हातात ठेवायचा, असा तिथला नियम.

हे ऐकल्यापासून विमलाची झोप उडाली होती. दवाखान्यातल्या रिसेप्शनवर ती दिवसाला शंभर पेशंटना दरडावायची, पण इंग्रजीत कुणी नाव विचारलं की तिला स्वतःचंही नाव आठवेनासं व्हायचं. तेव्हा मामांनी आपण होऊन काउंटरवरच्या साहेबाची जागा घेतली. त्यांचा तो अधिकारच होता. गावच्या खाडीवर त्यांनी एकतीस वर्षं तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या बोटीची, तिकिटं फाडली होती. पुढे पूल झाला आणि ती बोट बंद पडली, पण बोटीने माणसं कशी सोडावीत हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

लवूमामा म्हणजे विमलाच्या नवऱ्याचे, निलेशचे मामा. गणपती झाल्यावर मोतीबिंदूसाठी चार दिवस म्हणून आले होते. आधी उजवा डोळा झाला, मग डावा. मग थंडी संपू दे म्हणाले. आता मार्च उजाडला होता. हॉलमधला दिवाण त्यांचा, टीव्हीचा रिमोट त्यांचा, पहाटे साडेपाचला बाथरूम त्यांचं. विमलाने बाजारातून आणलेल्या बांगड्यांकडे ते असे बघायचे, की मासा मेला कधी याची चौकशीच लागावी. तरी स्वतःचं ताट ते स्वतः धुवायचे, आणि त्यामुळे विमलाला धड भांडताही यायचं नाही.

या प्रवासावर तिची सगळी भिस्त होती. दहा दिवस घराला कुलूप म्हटल्यावर मामांना गावी जावंच लागेल. तेवढं फक्त निलेशने त्यांना सांगायचं होतं. निलेश रोज सकाळी ‘संध्याकाळी सांगतो’ म्हणायचा आणि संध्याकाळी ‘बिचारे तुझी तयारी करून घेतायत, आता कसं सांगू’ म्हणायचा. निघायला नऊ दिवस उरले होते.

रविवारी दुपारी मामांनी तिला पुन्हा नापास केलं. या वेळी कारण असं, की ‘येण्याचा उद्देश’ विचारल्यावर ती ‘मुलीला मालवणी मसाला द्यायचाय’ असं खरं बोलून गेली. विमलाने पासपोर्ट टेबलावर आपटला.

“मग तुम्हीच दाखवा कसं बोलायचं ते. उठा, मी बसते तिथे.”

मामा लगेच उठले. दारापर्यंत जाऊन त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, पासपोर्ट नव्हता म्हणून आधार कार्ड काढलं आणि रांगेतून पुढे सरकल्यासारखे छोटी पावलं टाकत टेबलाशी आले. निलेश दिवाणावर पेपर वाचत होता. त्याने पाय वर घेऊन त्यांना वाट दिली.

“नेम?”

“लवू सखाराम, सर.”

“पर्पज?”

“टुरिझम, सर.” इतकं ताठ आणि झकास उत्तर आलं, की विमलाला हसू आवरेना.

“हाउ मेनी डेज?”

“फोर डेज, सर.”

निलेशचा पेपर हळूच वर गेला आणि त्याचं तोंड त्यामागे दिसेनासं झालं. विमलाचं हसू थांबलं. पुढचा प्रश्न तिला पाठ होता. आठवडाभर तोच तर तिला विचारला जात होता. तो आत्ता विचारावा की नाही, याचा तिने क्षणभर विचार केला, आणि मग नेमका तोच विचारायचा ठरवला.

“रिटर्न तिकीट?”

मामांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. मग दुसऱ्या खिशावर. नाटकातल्यासारखं चाचपून झालं तरी हात तिथेच राहिला.

“नाय हा,” ते म्हणाले.

विमलाने टेबलावरचा आपला पासपोर्ट बाजूला सरकवला.

“पुतण्यान दिवाळेक घराक नवीन कुलूप घातल्यान. फोन केलंय तर म्हणता, काका, मुंबयत बरो आसस मा, थयच रव.” हे सगळं ते टेबलाच्या कडेकडे बघून, रांगेत मागे माणसं खोळंबली असावीत तसं घाईने म्हणाले. “निलेशाक सांगूक नाय मी. उगाच त्येच्या जिवाक घोर.”

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती तीनदा बंद पडली. मामा अजून उभेच होते. साहेबाने ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हा त्यांनीच घालून दिलेला नियम.

विमलाने आधार कार्ड हातात घेतलं. पुढचा फोटो पाहिला, कार्ड उलटून मागचा पत्ता वाचला. वाडी, तालुका, जिल्हा. निलेशकडे तिने एकदा पाहिलं. तो पेपर खाली करायला तयार नव्हता, पण पेपराखालचे पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले दिसत होते. तिने कार्ड सरळ केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“राहण्याचा पत्ता?”

मामांनी मान वर केली.

“इथे गप्प राहून चालत नाही,” विमला म्हणाली. “पत्ता पाठ पाहिजे. आम्ही तिकडे असताना इथे काही दुखलंखुपलं, डॉक्टरने विचारलं, तर सांगायला नको? म्हणा माझ्यामागून. निलेशचं नाव, प्लॉट नंबर एकशेबेचाळीस, चारकोप, कांदिवली पश्चिम.”

मामांनी म्हटलं. प्लॉट नंबरपर्यंत आवाज साहेबी होता, कांदिवलीपाशी तो जरा बसला.

“आणि पिनकोड. चार, तीन वेळा शून्य, सहा, सात.”

“चार, दोन शून्य...”

“तीन,” विमला म्हणाली. “पहिल्यापासून म्हणा.”