पिंगळीच्या हॉटेलातलं नाव

पिंगळी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात अंबाबाईनं चहा घेतला आणि भिंतीवरच्या कोडसमोर मोबाइल धरला. असे पैसे द्यायला पोरानं तिला नुकतंच शिकवलं होतं. हॉटेलवाल्याला सगळे बाळू म्हणत. स्क्रीनवर मात्र वेगळंच नाव उमटलं: ग्यानबा लिंबाजी.

तिचं बोट तिथंच थांबलं.

ग्यानबा तिच्या बापाचं नाव. नामांतराची दंगल झाली त्या साली तो मेंढरं घेऊन गेला, तेव्हा ती अंगावर पीत होती. मेंढरं आपली आपण परत आली, बाप आला नाही. कुणी म्हणालं, त्यानं दुसरी बाई केली. कुणी म्हणालं, हैदराबादेत दिसला. तिची आई भिवराबाई ते खरं धरून बसली. दिवसभर नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, आणि बाहेर कुत्रं भुंकलं की सगळ्यांच्या आधी तीच दारात जायची.

"आक्का, पैसे जाईनात का?" बाळूनं विचारलं.

"तुमचं नाव ग्यानबा हाय?"

"कागदावर तेवढं. मायनं ठेवलं, एका धनगराच्या नावावरून."

"कोणता धनगर?"

"त्ये मायलाच इचारा. मागंच घर हाय."

अंबाबाईची एकटीनं विचारायची छाती झाली नाही. ती घरी गेली, आईला सांगितलं. "मला न्हाई यायचं," भिवराबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून लेकीच्या आधी दारात उभी राहिली.

बाळूची आई केशरबाई ओट्यावर बसली होती. दोघी कोण, कुठल्या, हे कळल्यावर तिनं त्यांना समोर बसवून घेतलं.

"आमची वस्ती पेटवली तवा ह्यो बाळू माझ्या पोटात होता," ती म्हणाली. "मालक कामाला परभणीत. मी पळत सुटले आन मेंढरांच्या कळपात जाऊन पडले. तिथल्या धनगरानं माझ्यावर घोंगडी टाकली. मागून माणसं आली. धनगर त्यायला म्हणले, इकडं कोणी न्हाई आलं. मग रुळाच्या कडंनं मला ठेसनापस्तोर आणून सोडलं. मी नाव इचारलं. गाव इचारायचं राहून गेलं, माय."

"मग?" अंबाबाईनं विचारलं.

"मेंढरं बघून येतो म्हणले आन माघारी फिरले. ज्या वाटंनं ती माणसं यायलती, त्याच वाटंनं."

रेल्वे येऊन गेली, भांडी थरथरली.

"तोंड कसं होतं त्याचं?" भिवराबाईनं विचारलं. "फोटू न्हाई आमच्याकडं. मला आता आठवंना झालंय."

केशरबाईनं खाली बघितलं. "रात होती, त्यात लय धूर. तोंड दिसलंच न्हाई मला."

भिवराबाईनं कपाळाला हात लावला. "इतकी वर्सं शिव्या दिल्या म्या त्याला. पाणी पितानी सुदिक."

केशरबाई सरकून तिच्याजवळ आली आणि तिचा हात धरून बसली.

त्या वर्षी पितरपाटात भिवराबाईनं पहिल्यांदा ग्यानबाच्या नावानं पान वाढलं. जित्या माणसाचं पान वाढत नसतात म्हणून आजवर तिनं कुणाला वाढू दिलं नव्हतं. केशरबाई आणि बाळूही जेवायला आले. केशरबाईकडं असलं काही करत नाहीत, तरी ती पानाजवळ हात जोडून उभी राहिली.

सगळे जेवून उठले. भिवराबाई तिथंच बसून होती, भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात कुणाशी तरी बोलत. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, मान हलवायची. अंबाबाई उष्टी उचलायला आत आली होती. भांडी तशीच ठेवून ती बाहेर गेली, आणि आत येणाऱ्या पोराला तिनं दारातच अडवलं.